हातमोज्यातली चाळीस नाणी

निविदा उघडण्याची वेळ आमच्या कचेरीत दुपारी तीनची असे. टेबलावर लाखेचे सील मारलेली पाकिटे, समोर बाकावर ठेकेदारांची माणसे आणि एका कडेला रजिस्टर उघडून बसलेला मी. साहेब पाकीट फोडत, आकडा मोठ्याने वाचत, मी तो लिहून घेई. आकडा वाचला की बाकावरच्या एखाद्याचा चेहरा पडे, एखाद्याचा खुले. बी.ए. होऊन, कवितांची वही पिशवीत घेऊन मी १९९२ साली त्या भांडार शाखेत चिकटलो, तो २०२१ साली स्वेच्छानिवृत्ती घेईपर्यंत तिथेच राहिलो. कविमित्र विचारीत, "तू तिथे करतोस तरी काय?" मी म्हणे, "सरकारचा बाजारहाट." ते हसत. पण खरेच, दुसरे काय? सरकारलाही बाजार करावा लागतो, केरसुणीपासून जहाजापर्यंत. फरक इतकाच की घरात पैसे देणारा, पिशवी धरणारा आणि भाजी खाणारा ही एकाच घरातली माणसे असतात. सरकारात पैसा रयतेचा, पिशवी अधिकाऱ्याच्या हातात आणि आलेली वस्तू वापरणारा तिसराच कोणी. सगळी भानगड तिथून सुरू होते.

आज मला अशीच एक पिशवी धरणाऱ्या माणसाविषयी बोलायचे आहे. माणूस साडेतीनशे वर्षांपूर्वीचा, तोही लंडनचा. तुम्ही म्हणाल, हा कुठला पाहुणा आणलात? जरा धीर धरा, ओळख पटेल.

सॅम्युएल पीप्स हे नाव इंग्रजी साहित्य शिकलेल्यांना रोजनिशीकार म्हणून ठाऊक असते. स्पेलिंग पाहून मी कित्येक दिवस 'पेपिस' म्हणत होतो. उच्चार 'पीप्स' असा करायचा. १ जानेवारी १६६० ते ३१ मे १६६९ अशी जवळजवळ साडेनऊ वर्षांची रोजनिशी त्याने लघुलिपीत लिहून ठेवली. तीत १६६५ ची प्लेगची साथ आहे, १६६६ चा लंडनचा अग्निप्रलय आहे आणि कॉलेजात त्या दोन गोष्टींसाठीच तिचे नाव निघते. फोर्टातल्या फुटपाथवर मला तिची एक जुनी, कडा कुरतडलेली प्रत मिळाली. ती वाचताना मी थबकलो तो मात्र निराळ्याच ठिकाणी. दोऱ्या, डांबर, लाकूड, दर, करार, ठेकेदार! हा माणूस तर माझ्याच खात्यातला निघाला.

पीप्स शिंप्याचा मुलगा. केंब्रिजला जाऊन १६५४ साली बी.ए. झाला. तोही बी.ए., मीही बी.ए.; साम्य एवढ्यावरच थांबले असते तर बरे होते. त्याचा एक बडा नातलग, एडवर्ड माँटेग्यू, १६६० साली दुसऱ्या चार्ल्स राजाला हॉलंडहून परत आणणाऱ्यांत होता. पीप्स त्याचा चिटणीस म्हणून बरोबर गेला, आणि परतल्यावर वशिल्याने त्याला एक जागा मिळाली: नेव्ही बोर्डाचा 'क्लार्क ऑफ द ॲक्ट्स'. पगार वर्षाला ३५० पौंड. नावात क्लार्क असला तरी हा बोर्डाचा पूर्ण सभासद. लढाया करणे हे या बोर्डाचे काम नव्हे. जहाजे बांधायची, दुरुस्त करायची आणि त्यांना लागेल ते सगळे विकत घ्यायचे, हे त्याचे काम. ओक, डोलकाठ्या, अंबाडीसारखा ताग, डांबर, शिडाचे कापड, नांगर, खिळे, बिस्किटे, बिअर. साऱ्या इंग्लंडात एवढे मोठे गिऱ्हाईक दुसरे नव्हते.

या जागेवर जुन्या एका इसमाचा हक्क होता. त्याला वर्षाला १०० पौंड देण्याचे कबूल करून पीप्सने तो मिटवला. लगेच दुसऱ्या एकाने निरोप धाडला की जागा मला सोडा, हजार पौंड देतो. ३५० पगाराच्या जागेला हजार पौंड कोण आणि का देतो, हे आपल्याकडच्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही. पीप्सलाही लागले नाही. त्याने जागा सोडली नाही.

पण इथपर्यंतची गोष्ट कुठल्याही वशिल्याच्या तट्टूची असते. पीप्स वेगळा ठरतो तो दोन वर्षांनी. १६६२ च्या जुलैत, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी, बोर्डाचा हा सभासद पहाटे उठून पाढे पाठ करायला बसला. हो, गुणाकाराचे पाढे! केंब्रिजच्या बी.ए.ला ते येत नव्हते. त्या काळच्या पदवीत लॅटिन होते, हिशेब नव्हता. त्याने 'रॉयल चार्ल्स' या राजाच्या जहाजावरच्या कूपर नावाच्या खलाशी अधिकाऱ्याला शिकवणीला ठेवले. लाकडाच्या व्यापाऱ्याने मांडलेला हिशेब आपल्याला तपासता येत नाही, आणि तपासता येत नाही हे व्यापाऱ्याला कळते, ही गोष्ट त्याला बोचत होती. या जहाजाचे नाव लक्षात ठेवा, ते पुन्हा येणार आहे.

त्याच वर्षी ऑगस्टात अँथनी डीन नावाच्या जहाज बांधणाऱ्या कारागिराने त्याला रानात नेले आणि लाकूड मोजण्यातली चोरी दाखवली. ती इतकी साधी आहे की सांगितल्यावाचून राहवत नाही. समजा तासलेला ओंडका एका बाजूने १२ इंच आणि दुसऱ्या बाजूने २४ इंच आहे. छेदाचे खरे क्षेत्रफळ १२ गुणिले २४, म्हणजे २८८. व्यापारी काय करायचे? १२ आणि २४ यांची बेरीज ३६, तिचे निम्मे १८. म्हणून ओंडका १८ इंचांचा चौकोनी धरायचा. १८ गुणिले १८ म्हणजे ३२४. प्रत्येक ओंडक्यामागे आठवा हिस्सा लाकूड नसताना विकले जायचे. कागदावर कसलीही खाडाखोड नाही, सगळे 'रीतीप्रमाणे'. पाढे न येणारा अधिकारी यावर खुशाल सही करणार. पुढे पीप्सने लाकूड मोजण्याची सरकती पट्टी मुद्दाम करवून घेतली आणि ती घेऊन तो गोद्यांतून हिंडू लागला.

दोरखंडाचेही तसेच. लंडनचा एक बडा व्यापारी, जो पुढे शहराचा महापौर झाला, हॉलंडचे सूत बोर्डाला विकू पाहत होता. पीप्स वुलिचच्या दोरवाड्यात गेला आणि समोर ताण देऊन पाहिले. रीगाच्या तागाचे चार धागे टिकले आणि हॉलंडचे पाच त्याआधी तुटले. पीळ उलगडला तर आत जुने, डांबर लागलेले तुकडे, वरून नवा ताग गुंडाळलेला. अशी लबाडी आजवर ऐकली नाही, अशी नोंद त्याने रोजनिशीत केली. मला वाचताना हसू आले. आमच्याकडे गाद्यांचा पुरवठा झाला होता तेव्हा एका म्हाताऱ्या शिपायाने उसवून दाखवले होते: वर पांढराशुभ्र कापूस, आत गिरणीचा काळा कचरा.

तेव्हा हा माणूस आपल्या कामात तरबेज झाला. आता दुसरी बाजू.

३ एप्रिल १६६३. टँजियरला पाठवायच्या जहाजांचे काम पीप्सने ग्रोव्ह नावाच्या एका कप्तानाला मिळवून दिले होते. ग्रोव्हने त्याच्या हातात एक बंद पत्र ठेवले. आत पैसे आहेत हे हाताला कळले. पीप्स ते घेऊन कचेरीत आला, दार लावले, पाकीट फोडले आणि आत न पाहता नाणी बाहेर झटकली. मग रिकामा कागद पाहिला. हेतू असा, की उद्या कोणी विचारलेच तर शपथेवर सांगता यावे, मी कागदात पैसे पाहिले नाहीत! सोन्याचे एक नाणे आणि चार पौंडांची चांदी. हे सारे त्याने स्वतःच, त्याच रात्री लिहून ठेवले आहे. लाच घेणारे जगात पुष्कळ झाले, पण लाच घेताना आपण आपल्यालाच कसे फसवले याचा हिशेब लिहिणारा मला दुसरा माहीत नाही.

पुढच्या वर्षी, १६६४ च्या १ फेब्रुवारीला, सर विल्यम वॉरन या लाकडाच्या व्यापाऱ्याने त्याला खानावळीत गाठले आणि बायकोसाठी म्हणून कागदात गुंडाळलेले हातमोजे दिले. कागद हाताला कठीण लागला. पीप्सने तिथे उघडून पाहिले नाही. माझी पत्नी आभारी होईल, एवढेच म्हणाला. घरी येऊन बायकोला कशीबशी दुसऱ्या खोलीत पाठवून पाहतो तर पांढऱ्या हातमोज्यांची जोडी आणि बरोबर सोन्याची चाळीस नाणी. आनंदाच्या भरात जेवण घशाखाली उतरेना. बायकोला कळले तर कमाई किती आहे ते कळेल, म्हणून ती सांगायची की नाही याचाही घोर.

वॉरनचा हिशेब चुकला नव्हता. त्याच वर्षी जुलैत बोर्डाने त्याच्याशी गोथेनबर्गच्या हजार डोलकाठ्यांचा करार केला. आरमारात एवढा मोठा करार आजवर झाला नाही, असे पीप्सच म्हणतो. नंतर वॉरनकडून १०० पौंडांची थैलीही आली.

आता गंमत पाहा. हा करार राजाच्या तोट्याचा होता का? नव्हता. बोर्डाचा दुसरा सभासद सर विल्यम बॅटन हा एका वेगळ्या व्यापाऱ्याच्या बाजूचा. पीप्सने डोलकाठ्यांचे जुने-नवे दर, घेर आणि लांबी यांचा अभ्यास करून दाखवून दिले की वॉरनचा माल चांगला आणि भाव कमी. म्हणजे निविदा-समितीच्या भाषेत सांगायचे तर सगळ्यात कमी दर, माल विनिर्देशाप्रमाणे, शिफारस योग्य. आणि शिफारस करणाऱ्याच्या कपाटात चाळीस सोन्याची नाणी. पीप्सची स्वतःची समजूत अशी होती, की राजाचे नुकसान न होता कोणी कृतज्ञतेने काही दिले तर ते घ्यायला हरकत नाही. त्या काळी हा समज सरसकट होता. पगार तुटपुंजे आणि थकलेले. अधिकाऱ्याने हक्कदस्तुरीवर जगावे हे राजालाही मान्य. पण मग ते नाणे कागदातून झटकायचे कशाला? जे चालते ते उघड्या डोळ्यांनी घ्यावे. पीप्सला आत कुठेतरी माहीत होते, आणि मला तो आवडतो तो त्यामुळे.

हळूहळू रेषा पुसट झाल्या. झेंड्यांसाठी सुती कापड लागे, कॅलिको. नाव आपल्या कालिकतवरून पडलेले. ते कापड बोर्डाला विकून खुद्द बोर्डाच्या सभासदाने, म्हणजे पीप्सने, नफा काढला. १६६५ साली आरमाराच्या रसदीत बोंब झाली तेव्हा रसदीवर देखरेख करणारा एक मुख्य अधिकारी नेमावा अशी सूचना त्याने केली. सूचना त्याची आणि जागेसाठी पुढे केलेले नावही त्याचेच. वर्षाला आणखी ३०० पौंड. ज्याच्यावर देखरेख करायची त्या रसदीच्या ठेकेदाराने, डेनिस गॉडनने, त्याला ५०० पौंड भेट दिले. १६६६ च्या शेवटच्या दिवशी त्याने आपली मालमत्ता मोजली. ती भरली ६,२०० पौंडांच्या वर. सारे पगार धरले तरी हा आकडा जुळत नाही.

वर टँजियरचे नाव आले. पोर्तुगालच्या राजकन्येशी चार्ल्सचे लग्न ठरले, त्या १६६१ च्या करारात हुंड्यात दोन ठिकाणे आली. एक आफ्रिकेच्या टोकाचे टँजियर आणि दुसरी आपली मुंबई. पोर्तुगीज मुंबई ताब्यात देत नाहीत, इंग्रजांना बनवले, ही बातमीसुद्धा पीप्सच्या रोजनिशीत आहे. म्हणजे तो लंडनमध्ये डोलकाठ्या मोजत होता त्याच वर्षांत इकडे आमच्या कोकणच्या दर्यावर दुसरे एक आरमार उभे राहत होते. माझ्या आजोळची माणसे तांडेल आणि खलाशी. दर्यासारंग आणि दौलतखान ही शिवाजी महाराजांच्या आरमाराच्या सुभेदारांची नावे मी लहानपणी गोष्टींतच ऐकली. १६७५ साली मुरूडसमोर पद्मदुर्ग उभा राहत होता. तिथल्या आरमाराला पैसा आणि धान्य पोचवण्याचा हुकूम प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला होता. ते पोचले नाही. महाराजांनी त्याला लिहिलेले पत्र प्रसिद्ध आहे. हबश्याने तुला काही देऊन फितवले की काय असा सरळ सवाल त्यात आहे, आणि जात पाहून गय होणार नाही अशी ताकीदही. रसद थांबली तर समुद्रातल्या माणसांचे काय होते हे जाणणाऱ्याचा तो राग आहे. नंतरच्या आज्ञापत्रात तर आरमाराच्या लाकडाविषयी अख्खे धोरणच सापडते. आंब्या-फणसाला हात लावू नये, रयतेने ती झाडे लेकरांसारखी वाढवलेली असतात. एखादे झाड फारच जीर्ण असले तर मालकाला राजी करून, पैसे देऊन तोडावे, जबरदस्ती करू नये. सरकारी खरेदीवर मी पुष्कळ परिपत्रके वाचली. विकणाऱ्याच्या मनाचा विचार करणारे एवढे एकच.

असो, लंडनला परत जाऊ. १६६५ साली इंग्लंड आणि हॉलंड यांचे युद्ध जुंपले आणि नेव्ही बोर्डाची तिजोरी आटली. खरेदी खात्यात काम केलेल्या कोणालाही पुढचे ओळखीचे वाटेल. बिल थकले की व्यापारी पुढच्या वेळी भाव चढवून देतो, कारण पैसे कधी मिळतील याचा भरवसा नाही. चढ्या भावाने कर्ज आणखी वाढते, मग बिल आणखी थकते. राजाला बाजारात सगळ्यांपेक्षा महाग माल मिळू लागला. खलाशांना तर पैशाऐवजी चिठ्ठ्या दिल्या जात. ती चिठ्ठी लंडनच्या कचेरीत आणून वटवायची, आणि कचेरीत पैसा नाही. गरजू माणूस मिळेल त्या भावाने ती विकून टाके.

जुलै १६६६ मध्ये तीनशेच्या वर बायका कचेरीच्या अंगणात येऊन उभ्या राहिल्या. त्यांचे नवरे हॉलंडच्या तुरुंगात होते, पगार अडकला होता, घरी मुले उपाशी. त्या रडत होत्या, शिव्याशाप देत होत्या. पीप्सच्या घरी त्या रात्री हरणाच्या मांसाचा मोठा थोरला पदार्थ व्हायचा होता. तो भाजायला बाहेर भट्टीवर पाठवायची त्याला भीती वाटली, बायका वाटेत त्यावर तुटून पडतील म्हणून. मग एकीला त्याने हळूच बाजूला बोलावले आणि थोडे पैसे दिले. ती दुवा देऊन गेली. त्याला त्यांचे म्हणणे पटत होते, हेही तो लिहितो. मी हा प्रसंग अनेकदा वाचला. या माणसाला शिवी द्यावी तर ती त्याने स्वतःच आधी लिहून ठेवलेली असते.

जून १६६७ मध्ये डच जहाजे मेडवे नदीत घुसली. पैसा नाही म्हणून इंग्लंडची मोठी जहाजे माणसांशिवाय नांगरून ठेवली होती. डचांनी काही जाळली आणि एक दोरी लावून ओढून नेले. ते जहाज 'रॉयल चार्ल्स'; ज्याच्या अधिकाऱ्याकडून पीप्स पाढे शिकला तेच. त्याच्या पिछाडीचे कोरीव लाकूड आजही ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आहे. डच जहाजांवरून इंग्रजी भाषेत हाका ऐकू येत होत्या: पूर्वी आम्ही चिठ्ठ्यांसाठी लढलो, आता रोख पैशासाठी लढतो! चिठ्ठ्या न वटलेले खलाशी शत्रूकडे नोकरीला गेले होते.

आणि बोर्डाचे सभासद काय करीत होते? पीप्सने १,३०० पौंडांचे सोने पिशवीत भरून बायको आणि वडील यांच्याबरोबर गावी पाठवले. त्यांनी ते भरदिवसा, रविवारी, बागेत पुरले. ऑक्टोबरात तो स्वतः कंदील घेऊन उकरायला गेला तेव्हा पिशव्या कुजलेल्या, नाणी मातीत विखुरलेली. माती चाळत, धूत बसला. हे वर्णन त्याच्या साऱ्या रोजनिशीतले मला सगळ्यात विनोदी वाटते. त्यालाही वाटले असावे, थोडे उशिरा.

पराभवानंतर चौकशी आली. ५ मार्च १६६८ रोजी पार्लमेंटपुढे पीप्स तीन तास बोलला आणि बोर्डाला वाचवले. लोक रस्त्यात थांबवून शाबासकी देऊ लागले. मग हिशेब तपासायला एक आयोग बसला. त्या आयोगाला १६७० च्या जानेवारीत त्याने लेखी कळवले, की मी कोणाकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष कधी दस्तुरी मागितली नाही. आता नीट पाहिले तर हे खोटेही नाही. मागितली नव्हती, दिली होती. आणि त्याच वेळी त्याच्या घरच्या कपाटात ती रोजनिशी कुलपात पडलेली, त्यात तारीखवार सारे काही. आयोगापुढे गेले ते हिशेबाचे कागद स्वच्छ होते. लाकडाच्या हिशेबासारखेच, रीतीप्रमाणे.

१६७३ साली तो ॲडमिरल्टीचा सचिव झाला, म्हणजे आरमाराच्या कारभाराच्या माथ्यावर बसला. आणि इथे मला खरा पेच पडतो. कारण त्या खुर्चीतून त्याने जे नियम लिहिले ते उत्तम आहेत. १६७७ च्या अखेरचा त्याचा रसदीचा करार पाहा. दर माणसाला रोज एक पौंड बिस्किट, एक गॅलन बिअर. मांस, मासळी, वाटाणे, लोणी, चीज कुठल्या वारी किती. माल कसा असावा, दक्षिणेच्या समुद्रात जाणाऱ्या जहाजाला कशाच्या बदली काय द्यावे. कुठेही 'योग्य प्रमाणात' किंवा 'आवश्यकतेनुसार' असा शब्द नाही. अशा शब्दाच्या फटीतून हात कसा जातो हे त्याच्याइतके कोणाला ठाऊक? त्याच साली लेफ्टनंट व्हायचे तर परीक्षा द्यायला लागेल असा नियम झाला, तोही त्याचाच. वशिल्याने आलेल्या माणसाने वशिल्याची वाट अरुंद केली. चोराला चौकीदार केला असे म्हणून मोकळे होता येते, पण तेवढ्याने भागत नाही. मन लावून पाढे शिकला तोही तोच होता.

त्याला शेवटी कैद झाली ती याबद्दल नव्हेच. १६७९ साली इंग्लंडात कॅथलिकांविरुद्ध अफवांचे वारे सुटले होते. पीप्स छुपा कॅथलिक आहे, त्याने आरमाराची गुपिते फ्रान्सला विकली, असा आरोप ठेवून त्याला टॉवरमध्ये टाकले. आरोप करणारा भामटा होता. पुढच्या साली खटला आपोआप गळून पडला. जे केले होते ते कोणी विचारले नाही, आणि जे केले नव्हते त्याचा जाब त्याच्या धर्माला विचारला गेला. यावर मी जास्त बोलत नाही. १६८४ मध्ये तो परत त्या खुर्चीवर आला आणि १६८९ मध्ये राजा बदलला तेव्हा निवृत्त झाला. १६३३ चा जन्म, १७०३ साली मृत्यू. रोजनिशीचे सहा खंड त्याने जाळले नाहीत. आपल्या तीन हजार ग्रंथांबरोबर कॉलेजाला ठेवले. लघुलिपी उलगडायला १८१९ ते १८२२ अशी तीन वर्षे गेली आणि १८२५ साली पहिल्यांदा काही भाग छापला गेला. चौकशी आयोगाला एकशे पंचावन्न वर्षे उशिरा उत्तर मिळाले.

त्या खुर्चीचे वारस पुढे अनेक झाले. आपल्याकडे ब्रिटिश अमलात बराच माल लंडनहून मागवला जाई. १९२२ साली 'इंडियन स्टोअर्स डिपार्टमेंट' निघाले. स्वातंत्र्यानंतर पुरवठा आणि विल्हेवाट महासंचालनालयाने केंद्र सरकारसाठी दरकरार ठरवण्याचे काम केले; ते ऑक्टोबर २०१७ अखेर बंद झाले, त्याआधी २०१६ साली सरकारचा संगणकावरचा बाजार सुरू झाला होता. अमेरिकेने १९७४ साली साऱ्या केंद्र सरकारच्या खरेदी-धोरणासाठी वेगळे कार्यालय काढले, त्याच्या प्रमुखाला सीनेटची मंजुरी लागते. आमच्याही कचेरीतली लाखेची पाकिटे गेली. तीन वाजता बाकावर आता कोणी येत नाही. आकडे पडद्यावर उघडतात. पडद्याला दर कळतो. पत्र्याची जाडी कळत नाही.

पत्र्याची जाडी म्हटले, तर आता माझेही सांगून टाकतो.

१९९८ साली माझा पहिला कवितासंग्रह निघाला, माझ्याच खर्चाने. पाचशे प्रती घरी पलंगाखाली. त्या रमजान ईदला एक पुरवठादार घरी आला. यापूर्वीही येई, अम्मीला सलाम करी, शीरखुर्मा आवडीने खाई. त्या दिवशी त्याला पलंगाखालचे गठ्ठे दिसले. म्हणाला, "कविराज, शंभर प्रती द्या. दिवाळीला गिऱ्हाइकांना वाटीन. मिठाई तर सगळेच देतात." चाळीस रुपये किंमत, चार हजार झाले. मी पावती लिहून दिली. अम्मी म्हणाली, "भला आदमी है." आणि मला काय वाटले म्हणता? आनंदाने मलाही त्या दिवशी जेवण गेले नाही. माझ्या कविता शंभर घरांत जाणार होत्या.

मार्चअखेर त्याच्याकडून कचेरीच्या अभिलेख कक्षासाठी साठ लोखंडी कपाटे आली. विनिर्देश २० गेज पत्र्याचा. पत्रा मोजायला कडेला खाचा पाडलेली एक गोल चकती असते. ती त्या वेळी माझ्या खिशात होती. दार उघडून कडेला लावली की काम झाले. अर्धे मिनिटही लागत नाही. पुरवठादार शेजारी उभा होता. त्याने काहीच मागितले नव्हते, एक शब्दही नाही. म्हणूनच चकती काढणे मला अपमानास्पद वाटले, त्याचा अपमान, शीरखुर्म्याचा अपमान. मी कपाटांवरून हात फिरवला, रंग छान आहे म्हणालो, आणि 'तपासणी केली, माल विनिर्देशाप्रमाणे आढळला' या ओळीखाली सही केली.

दुसऱ्याच पावसाळ्यात फळ्या मधोमध वाकल्या. एका रविवारी मी एकटाच कचेरीत गेलो आणि चकती लावली. २२ गेज.

मी कोणाला सांगितले नाही. रोजनिशीतही लिहिले नाही. लिहिण्याइतका पीप्स माझ्यात नव्हता. वाकलेल्या फळ्यांखाली विटा लावून ती कपाटे वीस वर्षे चालवली. २०१९ साली ती भंगारात काढायचे ठरले. निर्लेखनाचा प्रस्ताव माझ्याच टेबलावर तयार व्हायचा होता. त्या तक्त्यात शेवटचा रकाना 'कारण' असा असतो. मी पेन हातात धरून पुष्कळ वेळ बसलो. मग लिहिले: 'दीर्घ वापरामुळे व दमट हवेमुळे फळ्या वाकल्या.' आणि खाली सही केली.